धनुष्याने शिकार: किती अंतर, किती पाउंड, आणि हात कुठे आवरायचा?

गोदाकाठ२८ :
नमस्कार मंडळी. बो कम्पाउंड (चाकांचं धनुष्य) आहे, ताण ५५ पाउंड, ड्रॉ लेंथ, म्हणजे दोरी ओढायची लांबी, २८ इंच. सराव सगळा ५० मीटरवर, कागदी टार्गेटवर. मार्चअखेरपासून कामासाठी न्यूझीलंडच्या नॉर्थ आयलंडवर मुक्काम आहे. तिथल्या ऑफिसातले दोघे-तिघे रीतसर परवाना काढून धनुष्याने हरणाची शिकार करतात, आणि "येणार का?" म्हणून विचारणा झाली आहे. हो म्हणायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही.

भारतात शिकार हा गुन्हा आहे हे ठाऊक आहे, तेव्हा तेवढंच लिहून थांबू नका. ५५ पाउंड हरणाला पुरतात का? ५० मीटरवर पिवळ्यात बाण बसतात, म्हणजे तेवढ्यावरून जनावरावर सोडायला हरकत नाही असं समजायचं का? बाण लागूनही जनावर पळालं तर पुढे काय करायचं असतं? आणि आपल्याकडे सुरगाणा-पेठच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या तीरकामठा चालला, त्या लोकांचे यातले नियम काय होते? ज्यांना हा प्रकारच पटत नाही त्यांनीही लिहा, फक्त मुद्द्याने लिहा.

सातमाळा :
कायद्याचं आधी उरकून घेऊ, कारण तुमच्या इथल्या सरावालाही तो लागतो.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नाही. जखमी करणं, पकडणं, फासे लावणं, हाकून नेणं, आमिष घालणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, सगळं त्यात येतं. बाण चुकला तरी गुन्हा झालाच. ‘शस्त्र’ या व्याख्येत धनुष्यबाण नाव घेऊन लिहिलेला आहे, त्यामुळे "बंदूक थोडीच आहे, लायसन कुठे लागतं" हा युक्तिवाद इथे चालत नाही. अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरायलाच कलम ३१ खाली लेखी परवानगी लागते. बो गाडीच्या डिकीत टाकून नांदूर मधमेश्वरला पक्षी बघायला जाऊ नका. हेतू कितीही साधा असला तरी गेटवर तो कोण तपासत बसणार?

शेतात रानडुकरांचा उपद्रव आहे म्हणून कुणी "या, तुमचा बाण आजमावून बघा" असं बोलावलं तरी जायचं नाही. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराबद्दल कलम ११ खाली परवानगी मिळू शकते, पण ती मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी देतो. ती लेखी असते आणि तीत कोण, कुठे, कोणतं जनावर हे ठरलेलं असतं. हौशी तिरंदाजाच्या सरावासाठी ती वाट नाही.

आदिवासींना सूट आहे असा एक सार्वत्रिक समज आहे. २००६ चा वनहक्क कायदा परंपरागत हक्क मान्य करताना शिकार, सापळे लावणं आणि वन्यप्राण्याच्या शरीराचा भाग काढणं हे स्पष्ट शब्दांत वगळतो.

तिकडे काही मिळालंच तर शिंगं-कातडी इकडे आणायचा विचार सोडून द्या. नॉर्थ आयलंडवर माणसांनी नेऊन सोडलेलं सांबरही आहे, आपल्या जंगलातलं तेच सांबर. त्याची शिंगं सामानात निघाली तर ती कुठून आणली हे विमानतळावर पटवून देत बसावं लागेल.

तिसरा_पिन :
पाउंडांवर सगळे अडकतात, पण तुमच्या प्रश्नातली खरी अडचण ५० मीटर ही आहे.

५५ पाउंड पुरतात. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत हरणासाठी किमान मर्यादा ३५ ते ४० पाउंडांच्या आसपास आहे, वायोमिंगमध्ये एल्क या मोठ्या हरणासाठी ५०. न्यूझीलंडमधल्या लाल हरणाचा नर अमेरिकेतल्या व्हाइटटेल हरणापेक्षा बराच भारी असतो, तरी बाण नीट जुळवलेला असेल तर ५५ पाउंडाचा कम्पाउंड दोन्ही फुप्फुसं भेदून पलीकडे निघतो. तुमचा टार्गेटचा हलका बाण मात्र इथे कामाचा नाही. पाउंडामागे ५ ग्रेन (बाणाच्या वजनाचं माप) ही बो मोडू नये म्हणून ठेवलेली खालची मर्यादा आहे, ती शिकारीची मर्यादा नव्हे. ४२० ते ४५० ग्रेनचा बाण घ्या आणि पुढचं टोक इतकं जड ठेवा की तोल मध्यापासून लांबीच्या १० ते १५ टक्के पुढे येईल. टोकाचं वजन वाढलं की काडी जास्त लवते, म्हणून स्पाइन, म्हणजे काडीचा ताठपणा, पुन्हा तपासा. जुन्याच काड्यांवर जड टोक चढवलं तर बाण शेपूट हलवत जातो, हाड सोडा, बरगडीवरही जोर वाया जातो.

आता अंतर. ४२० ग्रेनचा बाण तुमच्या बोमधून साधारण २५० फूट सेकंदाला, म्हणजे ७६ मीटरने जाईल. आवाज जातो ३४० मीटरने. दोरी सुटल्याचा आवाज हरणापर्यंत बाणाच्या बऱ्याच आधी पोचतो. २० मीटरवर त्याला मिळतो सेकंदाचा पाचवा भाग, ३० मीटरवर पाव सेकंदाहून थोडा जास्त, ५० मीटरवर अर्धा सेकंद. दचकलेलं हरिण पळायच्या आधी पाय दुमडून खाली बसतं, कारण उडी घ्यायला पाय दुमडावेच लागतात. नुसतं गुरुत्वाकर्षणाने खाली आलं तरी ०.१ सेकंदात ५ सेंटिमीटर, ०.२ सेकंदात २० सेंटिमीटर. लाल हरणाच्या छातीतला मारा करण्याजोगा भाग जेवायच्या ताटाएवढा, २५ सेंटिमीटरच्या आसपास. २० मीटरवर दचकण्याचा क्षण वजा केला की उरलेली हालचाल त्या ताटात मावते. ५० मीटरवर तुम्ही ताटाच्या मधोमध सोडलेला बाण पाठीच्या कण्यावरून जाईल किंवा पाठीच्या मांसात रुतेल. तुमचा नेम अचूक असूनही. कागद जागचा हलत नाही, एवढाच तुमच्या ५० मीटरचा अर्थ.

तेव्हा पहिल्या मोसमात २० ते २५ मीटर, आणि तेही हरिण शांत, मान खाली, चरत असताना. कान ताठ करून तुमच्याकडे बघणाऱ्या हरणावर १५ मीटरवरूनही सोडू नका.

कोन दोनच. एक पूर्ण आडवं. पुढच्या पायाच्या मागच्या कडेला लागून, छातीच्या खालच्या कडेपासून एक तृतीयांश वर. दुसरा, तिरपं पाठमोरं. त्यात नेम अलीकडच्या पायावर नाही, पलीकडच्या पुढच्या पायातून बाण बाहेर पडेल असा धरायचा. त्यामुळे शिरण्याची जागा बरीच मागे येते आणि नवख्याला ती चुकीची वाटते. समोरून, तिरपं समोरून, सरळ पाठमोरं आणि बसलेलं, हे चारही सोडून द्यायचे. समोरून छातीचं हाड आणि खांद्याचा सांधा आडवे येतात, आणि बाण जरा घसरला की थेट पोटात जातो. उंच मचाणावरून अगदी पायाशी आलेल्या जनावरावर एकच फुप्फुस मिळतं, आणि एका फुप्फुसावर हरिण मैलभर जातं.

हे इतकं काटेकोर का, तर गोळीसारखा आघात बाणात नसतो. बाण कापतो आणि जनावर रक्तस्रावाने मरतं, बस. म्हणून ब्रॉडहेडची, म्हणजे शिकारीच्या पातेदार टोकाची, धार हा खरा विषय. ५५ पाउंडाला दोन किंवा तीन पात्यांचं पक्कं ब्रॉडहेड घ्या. लागल्यावर उघडणाऱ्या पात्यांचा जोर उघडण्यातच खर्च होतो. धार हातावरचे केस भादरण्याइतकी हवी. रबर बँड ताणून पात्यावर टेकवला की न दाबता तुटला पाहिजे. फोममध्ये एकदा मारलेलं पातं परत शिकारीच्या भात्यात जात नाही, सरावाची पाती वेगळी ठेवायची आणि त्यांवर मार्करने खूण करायची.

ब्रॉडहेड फील्ड पॉइंटच्या (सरावाच्या साध्या टोकाच्या) जागीच पडेल असं धरून चालू नका. २० मीटरवर दोन्ही प्रकारचे तीन-तीन बाण मारा. ब्रॉडहेड डावीकडे पडत असतील तर रेस्ट (बो वरचा बाण टेकवायचा आधार) उजवीकडे, खाली पडत असतील तर रेस्ट वर. थोडक्यात, ब्रॉडहेडकडून फील्ड पॉइंटच्या दिशेने. एका वेळी पाऊण मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. सायट (नेम धरायचं साधन) हलवून हा दोष झाकायचा नसतो. तसं केलं तर २० मीटरवर जुळतं आणि ३० वर परत फाकतं.

रानभाजी :
न पटणाऱ्यांनी लिहा म्हणालात म्हणून लिहिते.

वरचं सगळं वाचून मनात येतं ते एवढंच: इतक्या अटी पाळून जे जेमतेम साधतं, ते रायफलने दीडशे मीटरवरून, हरणाला पत्ताही न लागता, कितीतरी खात्रीने होतं. धनुष्यवाले "आम्ही जनावराला संधी देतो" म्हणतात. संधी कसली? ती दिल्याने हरणाला काय मिळतं? शिकाऱ्याला थरार मिळतो, हरणाला चुकीच्या जागी बसलेला बाण मिळण्याचा धोका. ब्रिटन आणि जर्मनीत बंदुकीने हरणाची शिकार चालते, पण धनुष्याने मारायला बंदी आहे. डेन्मार्कने परवानगी दिली ती वेगळी परीक्षा लावून. युरोपात हा वाद मिटलेला नाही.

मांस हवं असेल किंवा हरणांची संख्या आटोक्यात आणायची असेल तर रायफलवाल्याबरोबर जा आणि ओझं वाहायला मदत करा. धनुष्य कागदासाठी ठेवा.

तिसरा_पिन :
ताई, "संधी देतो" हा युक्तिवाद पोकळ आहे हे मान्य. अमेरिकेत धनुष्याला वेगळा मोसम मिळाला, विस्कॉन्सिनमध्ये १९३४ साली पहिल्यांदा, त्याच्या बाजूने बोलणारे आजही सांगतात ते असं: धनुष्यवाला बहुतेक दिवस रिकाम्या हाताने परततो, म्हणून थोडी हरणं मारून खूप माणसांना रानात जाता येतं. शिवाय तिथे बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा १९३७ पासून वन्यजीव खात्यांकडे जातो, पुढे तो धनुष्य-बाणांवरही लागू झाला. त्या व्यवस्थेत हे गणित बसतं.

न्यूझीलंडमध्ये ते उलटं पडतं. तिथे वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. हरणं एकोणिसाव्या शतकात नेऊन सोडलेली, हिमालयातला ताहर हा रानबोकड १९०४ साली. कोवळी रोपं खाऊन ही जनावरं तिथलं जंगल उठवतात, म्हणून ती कमी झालेलीच हवी असतात. जिथे संख्या कमी करणं हाच उद्देश, तिथे "मी मुद्दाम कमी प्रभावी हत्यार वापरतो" याला नैतिक वजन राहत नाही. तिथे धनुष्य वापरायचं तर कारण एकच उरतं, आपल्याला ते आवडतं. मग त्या आवडीची किंमत हरणाने मोजू नये याची जबाबदारी सगळी आपली. आधीच्या अटी त्यासाठीच इतक्या कडक लिहिल्या.

एक सोय सुचवतो. बरोबरच्या परवानाधारकाकडे रायफल असू द्या, आणि दुसरा वार कोण, कधी करणार हे निघण्याआधी बोलून ठेवा. बाण चुकीच्या जागी लागलेला दिसला आणि मागे काही नसलेला स्वच्छ मारा मिळत असेल तर त्याने लगेच गोळी घालायची. अभिमान मध्ये आणायचा नाही.

गोदाकाठ२८ :
सगळ्यांचे आभार. ५० मीटरचं डोक्यातून काढलं. बाण लागल्यावर किती वेळ थांबायचं यावर तिथल्या मंडळींतच दोन मतं ऐकली. कुणी सविस्तर सांगेल का?

माग_काढ्या :
वेळ घड्याळावर ठरत नाही, बाण कुठे लागला त्यावर ठरते. ते ओळखायच्या खुणा पहिल्या दहा सेकंदांत आणि पडलेल्या बाणावर असतात.

सोडल्यावर बो खाली घेऊ नका, ओरडू नका. हरिण कुठे उभं होतं आणि शेवटचं कुठे दिसलं, दोन्ही जागा एखाद्या झाडाशी किंवा दगडाशी जोडून मनात पक्क्या करा. तिथे गेल्यावर सगळं रान सारखंच दिसतं, म्हणून होकायंत्राने दिशा घेऊन ठेवली तर बरं. फुप्फुसात लागलेलं हरिण बहुधा मागचे पाय झाडून सुसाट पळतं. पोटात लागलेलं पाठ वाकवून, आखडत, चालतच जातं. नवख्यांचा घोळ इथेच होतो: हळू चाललंय म्हणजे आता पडणार, असं समजून मागे धावतात.

अर्ध्या तासाने बाणापाशी जा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस. हरिण बहुतेक वेळा शंभर-दीडशे मीटरच्या आत पडलेलं सापडतं. गडद, काळपट लाल रक्त म्हणजे यकृत, चार ते सहा तास थांबायचं. बाणावर हिरवट-तपकिरी घाण आणि आंबूस वास म्हणजे पोट किंवा आतडी, तिथून आल्या पावली माघारी फिरायचं, आठ ते बारा तास. संध्याकाळी लागला असेल तर सकाळीच. पोटात लागलेलं जनावर आडोसा बघून जवळच बसतं आणि कुणी उठवलं नाही तर तिथेच मरतं. उठवलं तर किलोमीटरभर जातं, रक्त फारसं सांडत नाही आणि कुणालाच सापडत नाही. बाणावर फक्त चरबी आणि थोडं चकचकीत लाल रक्त असेल तर बहुधा मांसात घासून गेला आहे. अशा वेळी काय करावं यावर खरंच दोन मतं आहेत, तुम्ही ऐकलीत ती बहुधा हीच.

माग काढताना रक्तावरून चालायचं नाही, बाजूने चालायचं. दर खुणेला टिश्यू पेपरचा तुकडा किंवा फीत लावायची. माग हरवला की मागे वळून त्या तुकड्यांची ओळ बघा, जनावराची दिशा कळते. रक्त जमिनीवरच शोधत राहू नका. फर्नची पानं, गवताची पाती गुडघ्याच्या आणि मांडीच्या उंचीवर बघा, अंग घासून लागलेलं रक्त तिथे असतं. पानाची उलटी बाजूही बघा. सगळंच संपलं तर शेवटच्या खुणेपासून पट्टे आखून शोध, ओढ्याकडच्या उतारापासून सुरुवात. पोटात लागलेली जनावरं पाण्याकडे जातात.

पावसाची शक्यता असेल तर बाण सोडूच नका. पाऊस आला की रक्त धुतलं जातं, आणि मग थांबावं तर माग जातो, जावं तर जनावर उठतं. शेवटच्या उजेडालाही तेच लागू. सूर्य मावळायला तासभर राहिला की बाण भात्यात.

कळक :
परंपरेच्या प्रश्नावर.

तीरकामठा म्हटलं की आपल्या जिल्ह्यात आधी भिल्ल, म्हणजे बागलाण, कळवण, मालेगावकडची बाजू. पेठ-सुरगाण्यात कोकणा, वारली, महादेव कोळी जास्त. भिल्ली कामठ्याचा कणा बांबूचा आणि दोरीही बांबूचीच, बाहेरच्या सालीची लवचीक चिवटी काढून दोन्ही टोकांना अडकवलेली. आतड्याची दोरी पावसात भिजून सैल पडते, ही तितकी पडत नाही. बाण बोरूचा किंवा बारीक वेळूचा, पुढे लोहाराकडून घडवलेला चपटा धारदार फाळ. पाखरांसाठी फाळ नसलेला, पुढे लाकडी गाठ असलेला बोथट बाण, म्हणजे पाखरू फाटत नाही आणि बाण फांदीत रुतून वर राहत नाही. कोणत्या जनावराला कोणता बाण, ही निवड हातात कामठा येण्याआधी शिकवली जायची. असल्या कामठ्याचा खरा मारा पंधरा-वीस पावलांचा. अंतराचा नियम वेगळा सांगायची गरजच नव्हती, तो हत्यारातच होता.

पाळायच्या गोष्टी मुख्यतः कुठे नाही आणि कुणाला नाही अशा. देवराईत नाही. कुळाचं देवक असलेल्या जनावराला नाही. पिल्लू पायाशी असलेल्या मादीला नाही. याच पट्ट्यात दिवाळीच्या तोंडावर, अश्विन वद्य द्वादशीला वाघबारस होते. गावाच्या शिवेवर वाघदेवाचा लाकडी किंवा दगडी खांब असतो, त्यावर वाघ, नाग, चंद्र-सूर्य कोरलेले. गुरं खाणाऱ्या जनावरालाच देव मानून "आमच्याकडे येऊ नको" अशी विनवणी करायची, ही या मुलखाची रीत.

पुराणातही हाच धडा आहे. दशरथाने पाण्यात घडा बुडाल्याचा आवाज ऐकून बाण सोडला आणि श्रावण गेला. पंडूने समागमात असलेल्या हरणाच्या जोडीवर सोडला आणि शाप घेतला. लक्ष्य डोळ्यांनी ओळखल्याशिवाय नाही, आणि बेसावध असलं तरी अशा अवस्थेत नाही. पोप अँड यंग क्लब नावाची अमेरिकी धनुर्धारी शिकाऱ्यांची संस्था १९६१ मध्ये निघाली. त्यांच्या नियमांतही पाण्यात पोहणारं, खोल बर्फात रुतलेलं किंवा कुंपणात कोंडलेलं जनावर मारायचं नाही, गाडीने पिटाळायचं नाही, रात्री झोत टाकून मारायचं नाही असं आहे. ज्या सॅक्स्टन पोपचं नाव त्या संस्थेला आहे, तो हे धनुष्य शिकला इशी नावाच्या, ‘याही’ नावाच्या जमातीतल्या माणसाकडून. इशी १९११ मध्ये कॅलिफोर्नियात एकटाच, आपल्या लोकांतला शेवटचा म्हणून बाहेर आला आणि १९१६ मध्ये क्षयाने गेला. पोप त्याचा डॉक्टर.

रानभाजी :
कळकदादा, लिहिलंत छान, पण एकच बाजू लिहिलीत. त्याच रानात फासेही होते, वाघूरही (शिकारीचं जाळं) होती, उन्हाळ्यात आटत आलेल्या पाणवठ्यावर दबा धरणंही होतं. हाक्यात तर पाडस, गाभण काही बघितलं जात नसे, समोर येईल ते. येवल्याजवळ ममदापूरला आज काळविटांचे कळप दिसतात ते राखीव क्षेत्र झालं आणि शिकारीला लगाम बसला म्हणून, परंपरेने राखले म्हणून नाही.

कळक :
हाक्याचं मान्य. नियम एकट्याने माग काढणाऱ्याचे होते, शंभर माणसांचा हाका निघाला की ते कोण पाळणार? आणि फाशाला तर डोळेच नसतात. गोदाकाठभाऊंनी घ्यायचं ते एकट्याच्या शिकारीतून घ्यावं, एवढंच म्हणणं.

जाता जाता पिसांचं. हौसेने बांबूचे बाण करणारे विचारतात म्हणून सांगतो, घार-गिधाडाचं पीस सापडलं तरी वापरू नका, तो सरळ वन्यजीव कायद्याचा विषय आहे. टर्की किंवा बदकाची पिसं मिळतात. एका बाणावरची तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची हवीत, सगळी डाव्या नाहीतर सगळी उजव्या. मिसळली तर बाण फिरत नाही, डगमगतो.

तिसरा_पिन :
नाशिकमध्येच काय सराव करता येईल, ते राहिलं.

फोमचे त्रिमितीय प्राणी ठेवून खेळला जाणारा थ्रीडी प्रकार वर्ल्ड आर्चरीच्या स्पर्धांत आहे. अंतर सांगितलेलं नसतं, गुण ११, १०, ८, ५. खेळ म्हणून तो इथे पूर्ण कायदेशीर आहे आणि तुम्हाला हवा तोच सराव त्यातून होतो. अख्खा प्राणी महाग पडतो. त्याऐवजी जाड फोमचे थर पट्ट्याने आवळून ठोकळा करा, त्यावर हरणाची पूर्णाकृती बाह्यरेषा काढा, आत कसलीही खूण नको. कागदावर पिवळा ठिपका नेम ओढून घेतो, हरणावर तो नसतो. रिकाम्या तपकिरी अंगावर बिंदू मनाने धरायला शिकणं हेच मुळात अवघड.

रोज मोजायचा तो पहिला बाण. अंग गार, हात न सैलावलेला, अंतर नजरेने अजमावलेलं, एकच बाण. दुसऱ्या बाणापासून सगळेच चांगले मारतात. ज्या अंतरावर हा पहिला बाण सलग दहा दिवस ताटाच्या आत येतो ते तुमचं अंतर, आणि रानात त्यातून आणखी पाच मीटर वजा. गुडघ्यावर बसून, जाड जॅकेट घालून, उतारावरून खाली असंही मारा. बाहीला दोरी लागते ती इथेच कळू द्या.

मळ्यात सराव करणार असाल तर मागे मातीचा बांध किंवा टेकाड हवंच. द्राक्षबागेच्या किंवा उसाच्या दिशेने कधीच नाही, आत माणूस वाकून काम करत असला तरी दिसत नाही. कार्बनच्या काड्या प्रत्येक वेळी दोन्ही हातांनी वाकवून कानाशी धरा, करकर आली की फेकून द्या. तडकलेली काडी सुटताना फुटते आणि तिचं कुसळ बो धरलेल्या हातात जातं.

माग_काढ्या :
एप्रिलमध्ये तिकडे नर हरणं हंबरतात, त्या मोसमाला ते रोर म्हणतात. रायफलवाले त्याच काळात त्याच डोंगरात असतात आणि हरणाला बोलवायला हंबरण्याची नक्कल करतात. धनुष्यवाला झाडीच्या रंगाचे कपडे घालून झुडपात दडलेला आणि तोही नक्कल करतोय, ही सगळ्यात धोक्याची स्थिती. चकचकीत केशरी टोपी आणि जाकीट घाला. हरणाला केशरी आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही, निळा मात्र चटकन दिसतो, म्हणून जीन्स नको. हंबरण्याच्या आवाजाला उत्तर आलं तर ते माणसाचं असू शकतं असं धरूनच हला. सरकारी जमिनीसाठी तिथल्या संवर्धन खात्याचा परवाना लागतो, खाजगी शेतावर मालकाची परवानगी.

गोदाकाठ२८ :
ठरलं तर मग. पहिल्या खेपेला बो न घेता जातो, माग काढायला आणि ओझं उचलायला. पुढचं पुढे. रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) मात्र आत्ताच घेऊन सवय करावी म्हणतो. कोन मोजणाराच घ्यायला हवा का? किंमत जवळपास दुप्पट आहे.

तिसरा_पिन :
डोंगरात जाणार असाल तर घ्या. ३० अंशांच्या उतारावर यंत्र सरळ रेषेत ३० मीटर दाखवत असेल तर बाणासाठी ते २६ असतं. ३० मीटरचा पिन (सायटमधली त्या अंतराची नेमाची खूण) लावलात तर बाण वर जातो, मग तो उतार चढणीचा असो की उतरणीचा. साधाच घेणार असाल तर २० अंशांपर्यंत दुर्लक्ष केलं तरी चालेल, २० मीटरवर फरक सव्वा मीटरच्या आत राहतो. आणि युनिट मीटरवर आहे का यार्डावर, हे पहिल्याच दिवशी तपासा. तिकडून आलेली बरीच यंत्रं यार्डावर असतात, आणि तुमच्या सायटचे पिन तुम्ही मीटरवर लावलेत.